वर्णाचा रकाना खोडून टाका

त्वचेची निगा राखावी की राखू नये, असा वाद घालायला मी हे लिहीत नाही. राखावी. चेहरा धुवावा, तेल लावावं, उन्हात डोकं झाकावं, आरशात बघून बरं वाटावं, यात पाप कसलं? जी बाई घर, शेत, दुकान, पूजा, आल्यागेल्याचं सगळं करून स्वतःसाठी दहा मिनिटं काढते, तिला कुणी नखरेल म्हटलं तर मी तिच्या बाजूने उभी राहीन. माझं भांडण वेगळंच आहे. 'त्वचेची निगा' म्हणून आपल्या घराघरांत जे चाललंय, त्यातलं बरंचसं म्हणजे नुसती रंग बदलायची खटपट आहे. ही खटपट पोरींची कातडी खाते, मूत्रपिंडं खाते आणि पैसाही खाते.

ती सुरू कुठे होते? क्रीमच्या दुकानात होते असं आपण म्हणतो. मला विचाराल तर ती आपल्या वधू-वर परिचयाच्या फॉर्मात सुरू होते. नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची आणि मग एक रकाना : 'वर्ण'. तिथे काय लिहायचं तेही ठरलेलं. गोरा, निमगोरा, गव्हाळ. 'सावळा' लिहिलेला फॉर्म मी फार क्वचित पाहिलाय आणि 'काळा' तर कधीच नाही. हिंडलग्याच्या भातशेतात आणि निपाणीच्या तंबाखूच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आपल्या समाजात एकही काळी मुलगी जन्माला येत नाही म्हणायची!

आधी कातडीचं काम काय ते नीट बघूया. पुष्कळ बायकांना वाटतं की वरून लावलेलं वरच राहतं. पोटात गेलं तर विष, गालाला लावलं तर काय होतंय? निपाणी भागातल्या बायकांनी तरी असं म्हणू नये. तंबाखूच्या ओल्या पानांत दिवसभर हात घालून काम केलं की मळमळतं, डोकं गरगरतं, कधी उलटी होते. पान काही तोंडात घातलेलं नसतं. दवाच्या किंवा घामाच्या ओलीत पानातलं निकोटीन उतरतं आणि कातडीतून थेट रक्तात जातं. डॉक्टर त्याला 'ग्रीन टोबॅको सिकनेस' म्हणतात. तंबाखू सोडवायला दंडावर जी निकोटीनची पट्टी चिकटवतात, तीही याच वाटेने काम करते. म्हणजे कातडी ही भिंत नव्हे, तिला दारं आहेत. मग चेहऱ्याला रोज दोन वेळा जे चोळतो ते कुठे जातं, हा प्रश्न आपण विचारायलाच हवा.

अकोल्याची बातमी तुम्ही कदाचित वाचली असेल. २०२३ च्या जानेवारीत ती छापून आली होती. एक कॉलेजात शिकणारी तरुणी, तिची आई आणि बहीण, तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार झाला. एकाच घरात तिघींना एकाच वेळी असा आजार कसा, म्हणून मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शोध घेतला. तिघी एकच क्रीम वापरत होत्या. ओळखीच्या ब्यूटीशियनकडून घेतलेलं, चेहरा उजळवणारं. क्रीम तपासलं तर त्यात पारा निघाला, आणि तोही भरपूर.

कुणी म्हणेल, एका घरातली गोष्ट आहे, सोडून द्या. मग केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातलं ऐका. कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या चाळणीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांमध्ये या आजाराचा एक दुर्मीळ प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीमं लावत होते. क्रीम थांबवल्यावर बहुतेकांना आराम पडला, एवढंच त्यातलं समाधान.

पारा गोरं कसं करतो, तेही समजून घ्या. कातडीला रंग देणारं द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते तयार व्हायला जे एन्झाइम लागतं, त्यालाच पारा अडवतो. रंग बनायचा थांबतो, चेहरा उजळ दिसायला लागतो, शेजारीण विचारते, "काय लावतीस गं?" आणि आणखी एक डबी खपते. इकडे तोच पारा रक्तातून मूत्रपिंडात जाऊन साचतो. चाळणी फाटल्यासारखी होते आणि अंगातलं प्रथिन लघवीवाटे वाहून जातं. लघवीला फेस येतो, पायांवर आणि डोळ्यांखाली सूज येते. ही सूज बघून आपण म्हणतो, जागरण झालं असेल.

आपल्या देशात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे, डोळ्यांभोवती लावायची प्रसाधनं सोडली तर, चुकून मिसळलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही. नियम कडक आहे. पण नियम लेबल असलेल्या मालाला पकडतो. बिनलेबलाची डबी, आखातातून कुणी आणलेली डबी, पार्लरमध्ये चमच्याने काढून दिलेलं 'स्पेशल' क्रीम, यांना कोण पकडणार? एक खूण सांगते, ती बायकांच्या लगेच ध्यानात येईल. पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं, हे कुठल्याही सोनाराला विचारा. म्हणून अशा काही क्रीमच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका. मंगळसूत्र जपायचं आणि गळा मात्र चोळायचा! असं वाक्य दिसलं, किंवा 'मर्क्युरी', 'मर्क्युरस क्लोराइड', 'कॅलोमेल' यातला एखादा शब्द दिसला, किंवा काहीच लिहिलेलं नसलं, तर ती डबी घरात ठेवू नका.

दुसरी गोष्ट मेडिकलमधल्या ट्यूबची. ही पाऱ्यापेक्षा जास्त घरांत आहे. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं सांगते. लग्न ठरायच्या बेतात होतं, म्हणून आईने दुकानातून विचारून एक ट्यूब आणली. दुकान कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही, गावोगाव तेच चाललंय. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की सगळ्यांनी नावाजलं. आठ महिन्यांनी ती पोर उन्हात पाऊल टाकली की गाल तांबडेलाल व्हायचे. बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव आली, पुरळ उठलं. ट्यूब बंद केली की जळजळ दुप्पट, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. तिची आई मला म्हणाली, "आक्का, सुरुवातीला लई छान झालं होतं ओ!"

तेच तर या औषधाचं लक्षण आहे. या ट्यूबांत स्टिरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन अशी नावं बारीक अक्षरांत असतात. स्टिरॉइड कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून चेहरा आधी फिका आणि नितळ दिसतो. मग कातडी पातळ होत जाते. ही औषधं वाईट नव्हेत. इसब, सोरायसिस, वांग अशा आजारांवर डॉक्टर ती ठरावीक दिवस, ठरावीक मात्रेत देतात. पण रोजच्या क्रीमसारखी लावायची ही वस्तू नव्हे. या गैरवापराविरुद्ध देशभरातले त्वचारोगतज्ज्ञ कितीतरी वर्षं ओरडत होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइडं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. तरी आजही काउंटरवर "गोरं व्हायचं काहीतरी द्या" म्हटलं की ट्यूब मिळते. आणि एक लक्षात ठेवा. महिनोन्‌महिने लावली असेल तर ती आपल्या मनाने एकदम तोडू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, ते बेताबेताने सोडवतात.

"मग आपलं घरगुतीच बरं," असं म्हणणाऱ्या काकू इथे हमखास बोलतात. डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद, यांना माझी ना नाही. त्यांनी रंग बदलत नाही, पण बिघडतही फारसं काही नाही. लिंबाचं तसं नाही. लिंबाचा रस चोळून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. कातडीचा वरचा थर मुळात किंचित आंबट असतो आणि तसाच तो तिला सांभाळतो. खायचा सोडा चोळला की तो थर मोडतो. टूथपेस्ट दातांसाठी आहे. घरातलं म्हणजे निर्धोक, हे स्वयंपाकघरातही खरं नसतं, मग गालावर कसं असेल?

आता खरं म्हातारपण आणतं कोण, ते पाहू. वय आणतंच. पण सुरकुत्या, डाग, राठपणा यांतला मोठा वाटा उन्हाचा असतो. २०१२ साली एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं त्याने मालाची गाडी चालवली. तिकडे चालक डावीकडे बसतो. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती, जाड, लोंबलेली, सुरकुत्यांनी भरलेली. माणूस एकच, वय एकच, क्रीमही एकच असणार. फरक खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा. उन्हातले लांब लहरींचे अतिनील किरण काचेतूनही आत येतात. बेळगाव-निपाणी बसने रोज खिडकीशी बसून ये-जा करणाऱ्या मास्तरणींनी आणि नोकरदार मुलींनी हे ध्यानात ठेवावं.

आणि गंमत बघा. या किरणांपुढे आपली पहिली ढाल म्हणजे तेच मेलॅनिन, जे पुसून टाकायला आपण पैसे मोजतो. सावळी कातडी गोरीपेक्षा उशिरा सुरकुतते, हे कुठलाही त्वचेचा डॉक्टर सांगेल. तरुण दिसायचं आणि गोरंही व्हायचं, या दोन मागण्या एकमेकींच्या उलट दिशेने ओढतात. बाजार मात्र दोन्ही एकाच डबीत भरून विकतो.

मग करायचं काय? फार थोडं. सकाळी आणि रात्री सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुवायचा, घासायचा नाही. कोरडी त्वचा असेल तर साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर ओलसर चेहऱ्यावर लावायचं. हातापायांना खोबरेल उत्तम, मात्र पुरळ येणाऱ्या चेहऱ्याला ते जपूनच. दिवसा बाहेर पडायच्या आधी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, दोन बोटांवर भरेल एवढं, चेहरा आणि मानेला. बाहेरच असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. सावळ्या कातडीची ढाल असली तरी ती पुरी पडत नाही, म्हणून वांग आणि डाग येतात. सनस्क्रीन परवडत नसेल तर पदर, छत्री, पूर्ण बाह्या. आमच्या हिंडलग्याच्या बायका भाजी घेऊन बेळगावच्या बाजाराला जाताना डोक्यावर पदर घेतात, त्या कुणाला फॅशन विचारायला गेल्या नव्हत्या. झोप पुरेशी. तंबाखू बंद, मशेरीसुद्धा. गालावर महागडं क्रीम आणि दातांवर मशेरी, याला काय म्हणावं? मशेरीने तोंडाचा कॅन्सर होतो, तिथे सुरकुत्यांचं काय घेऊन बसलात.

बस्स. यात एकही वस्तू अशी नाही जी महिन्याचं किराणा बिल बिघडवेल. म्हणूनच याची जाहिरात कुणी करत नाही.

आपल्या समाजाच्या बायकांना आणखी एक विचारायचंय. कांदा-बटाटा वर्ज्य, सूर्यास्ताच्या आत जेवण, पाणी गाळून. मी याची टिंगल करत नाही, माझंही घर असंच आहे. पण ताटातलं इतकं निरखून बघणारे आपण डबीच्या मागे काय लिहिलंय ते वाचत नाही. लिपस्टिकमधला 'कार्माइन' हा लाल रंग कोचिनियल नावाचे किडे वाळवून, चिरडून काढतात. तारुण्य टिकवायला म्हणून आता जी 'कोलॅजन' पावडर दुधात घालून पितात, ती जनावरांच्या किंवा माशांच्या कातडी-हाडांपासून बनते. 'स्नेल म्यूसिन' म्हणजे गोगलगाईचा स्राव. 'स्क्वालीन' शार्कच्या यकृतातूनही काढतात, वनस्पतींतूनही, कुठलं आहे ते विचारावं लागतं. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला आपल्या देशात २०१४ पासून बंदी आहे, हे चांगलं झालं. पण घटकांची चौकशी आपली आपणच करायची आहे. किड्यामुंगीला जपणाऱ्या घरात पोरीच्या मूत्रपिंडाला जपायचं राहून जातंय, हीही हिंसाच. ती तर पंचेंद्रिय जीवाची.

इथे दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला आईचा. "ताई, तुमचं सगळं खरं. पण माझ्या मुलीचं लग्न तुम्ही जमवून देणार काय? तीन स्थळं रंगावरून परत गेली." या आईला मी मूर्ख म्हणणार नाही. तिला बाजारभाव ठाऊक आहे. तो ठरवणारी माणसं दुसरीच आहेत, आणि ती दूर कुठे मुंबईत बसलेली नाहीत. ती मुलगा दाखवायला आणणारी आत्या आहे, "मुलगी तशी बरी आहे, पण जरा..." म्हणून थांबणारी वहिनी आहे, स्वतः तव्यासारखा काळा असून गोरीच हवी म्हणणारा आपला लाडका मुलगा आहे. म्हणून मी मुलीला क्रीमवरून रागावत नाही. क्रीम हातात देणारे आपण आहोत.

दुसरा आक्षेप धार्मिक थाटाचा. "शरीर अशुची, नश्वर, त्याचे एवढे लाड कशाला?" बारा भावनांत अशुची भावना आहे, ती मलाही शिकवलेली आहे. पण ही भावना सांगणारेच मुलगी बघायला गेल्यावर आधी तिचा रंग बघतात. शरीर खरंच नश्वर मानत असाल तर त्याच्या रंगावरून स्थळ कसं परत पाठवता? ही भावना सुनेच्या नटण्यापुरती आणि सासूच्या निवडीला लागू नाही, असं कुठल्या ग्रंथात लिहिलंय?

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, रट्टांच्या काळातली, १२०४ सालची. आपल्यापैकी बहुतेकींनी तिथे दर्शन घेतलंय. मूळनायक नेमिनाथ, काळ्या पाषाणातले. परंपरेनेच नेमिनाथ आणि मुनिसुव्रतनाथ श्यामवर्णी मानले आहेत. चोवीस तीर्थंकरांत शुभ्र वर्णाचे म्हणून चंद्रप्रभ आणि पुष्पदंत हे दोघेच. आपण काळ्या मूर्तीपुढे हात जोडतो, अभिषेकाचं पाणी डोळ्यांना लावतो आणि दिवाणखान्यात येऊन विचारतो, मुलगी गोरी आहे ना? कुणीतरी हे समजावून सांगावं मला.

बाजारानेसुद्धा थोडी लाज धरली. १९७५ पासून 'फेअर' शब्दावर धंदा केलेल्या देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध क्रीमला २०२० मध्ये नाव बदलून 'ग्लो' करावं लागलं. डबीतलं फार बदललं असं मी म्हणत नाही, पण शब्द तरी काढावा लागला. त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगावरून स्थळं गाळायची सोय लोकांच्या रागापुढे बंद केली. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना जे करावं लागलं, ते धर्मासाठी जमणाऱ्या समाजाला जमू नये?

म्हणून मागणी साधी आहे. यापुढच्या प्रत्येक वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मातून वर्णाचा रकाना काढा. आयोजक काढणार नाहीत तोवर आपण तो भरू नका. मुलीच्याही नको आणि मुलाच्याही नको. कुणी फोनवर विचारलं, "रंग कसा आहे ओ?" तर सांगा, "माणसासारखा आहे." स्थळ गेलं तर जाऊ दे. रंग बघून येणारं घर मूल झाल्यावर त्या मुलाचाही रंग बघणार आहे. हळदीकुंकवाला, महिला मंडळाच्या बैठकीला, बस्तीच्या ओसरीवर बसल्यावर एकमेकींच्या डब्या आणि ट्यूबा आणून मागची अक्षरं वाचा. जिला अक्षर लागत नाही तिला शेजारणीने वाचून दाखवावं. स्टिरॉइड असेल तर डॉक्टर, पारा असेल किंवा लेबलच नसेल तर वापर बंद, आणि लघवीची एक तपासणी करून घ्या. ती स्वस्तात होते.

आणि ज्या घरात मुलगा लग्नाचा आहे, त्या आईने आजच एक करावं. नातेवाइकांना जे निरोप गेले असतील त्यांतला 'गोरी' हा शब्द परत मागवून घ्यावा. एकेका घरातून तो शब्द गेला की तेवढ्या घरांतल्या पोरींची कातडी वाचेल.